अंगणवाडीचा गरम ताजा आहार शिजवायला घेताना: नव्या बचत गटांसाठी मार्गदर्शन

आमच्या महिला बचत गटाने गावातील दोन अंगणवाड्यांना सात वर्षे गरम ताजा आहार पुरवला. पहिल्या महिन्याच्या अखेरीस हिशेब मांडला तेव्हा मिळणारी रक्कम झालेल्या खर्चापेक्षा कमी भरली, आणि ती का कमी भरली हे दाखवू शकेल असा एकही कागद आमच्यापाशी नव्हता. स्वयंपाक आम्हा सगळ्यांना येत होता. येत नव्हते ते मोजणे. घरी आपण मुठीने तांदूळ घेतो, नजरेने मीठ घालतो आणि आयत्या वेळी एखादे पान वाढले तर दोन घास कमी खाऊन भागवतो. अंगणवाडीत मात्र प्रत्येक पानामागे ठरलेले पोषण, ठरलेले पैसे आणि वहीतील एक नोंद असते, आणि या तिन्हींचा मेळ बसला नाही तर एक तर मूल उपाशी राहते किंवा गट तोट्यात जातो. हे काम नव्याने घेणाऱ्या गटांना आमच्याइतकी ठेच लागू नये, म्हणून कामाची रीत क्रमाने लिहीत आहे.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली; आता ती ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली चालते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ मुळे अंगणवाडीतील आहार हा मुलांचा कायदेशीर हक्क झाला. बचत गटांकडे हे काम येण्याचे एक मोठे कारण त्याआधीचे आहे: सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत आणि गावातील लोक, बचत गट व महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असे म्हटले. हा आदेश लक्षात ठेवावा, कारण ‘बायकांना एवढे झेपेल का’ असा प्रश्न विचारणारे कोणी ना कोणी गावात भेटतेच.

१. कोणाचे काम कोणते, ते आधी समजून घ्या

गटाकडे येते ते मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे काम: सकाळचा नाश्ता आणि नंतरचे गरम जेवण. सहा महिने ते तीन वर्षांची बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना घरपोच आहार मिळतो. त्याला सगळे ‘टीएचआर’ म्हणतात, आणि त्याची पाकिटे वेगळ्या मार्गाने येतात. पाकिटे उशिरा आली किंवा त्यांची चव आवडली नाही की लोक आपल्यालाच जाब विचारतात. अशा वेळी वाद न घालता त्यांना अंगणवाडी सेविकेकडे पाठवावे. आदिवासी प्रकल्पांमध्ये गरोदर व स्तनदा मातांना ताजे जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना स्वतंत्रपणे चालते, तिचा निधी आणि हिशेबही वेगळा असतो; तुमचे गाव त्या क्षेत्रात असेल तर दोन्हींच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

मुलांची हजेरी घेणे आणि ती पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर भरणे हे सेविकेचे काम आहे. मुख्यसेविका पर्यवेक्षण करते, बिल बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पुढे सरकते, आणि ग्रामीण भागात त्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग असतो. या साखळीतील प्रत्येकीचा दूरध्वनी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. कागदपत्रे एका फाईलमध्ये लावा

आमच्याकडून वेगवेगळ्या वेळी पुढील कागद मागितले गेले. एकदम मागितले असते तर एका फेरीत काम झाले असते, पण तसे होत नाही, म्हणून आधीच तयारी ठेवावी.

- गटाच्या नोंदणीचा पुरावा (गट ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान किंवा ‘माविम’ म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्याशी जोडलेला असल्यास तेथील नोंद), आणि हे काम घेण्याबाबतचा सर्व सदस्यांच्या सह्यांचा ठराव
- गटाच्या नावाचे बँक पासबुक आणि पॅन कार्ड
- अध्यक्ष व सचिव यांची आधार कार्डे आणि छायाचित्रे
- अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडील, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी
- स्वयंपाक करणाऱ्या सदस्यांची वैद्यकीय तपासणी झाल्याची प्रमाणपत्रे
- करारनाम्याची सही-शिक्क्याची प्रत

शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा असूनही तोच बहुतेक गटांकडे नसतो, कारण सही करून करारनामा कार्यालयात दिला की प्रत मागायची राहून जाते. आम्हीही मागितली नव्हती. पुढे इंधनाचा खर्च दरात धरला आहे की वेगळा, असा प्रश्न निघाला तेव्हा आमच्या बाजूने दाखवायला काहीच नव्हते.

बँक खात्याबाबत एक सूचना: सरकारी रक्कम आणि गटाची मासिक बचत एकाच खात्यात येऊ देऊ नका. दोन्ही रकमा मिसळल्या की सदस्यांच्या मनात शंका उभ्या राहतात, आणि चांगले चाललेले गट बहुधा शंकेनेच मोडतात.

३. दराचे गणित करूनच सही करा

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ठरवलेला दर सर्वसाधारण मुलासाठी दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये असा होता, आणि हा खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. तुमच्या करारात आज कोणता दर लागू आहे, त्यात नाश्ता आणि जेवण दोन्ही धरले आहेत का, धान्य सवलतीच्या दराने मिळणार असल्यास त्याची किंमत बिलातून कापली जाणार का, आणि इंधन, मसाला, वाहतूक यांचे काय, हे प्रश्न सही करण्यापूर्वी विचारून उत्तरे लिहून घ्या.

आता खरे गणित. समजा अंगणवाडीच्या पटावर २८ मुले आहेत आणि रोज सरासरी २२ येतात. आठ रुपयांच्या दराने २२ मुलांचे दिवसाला १७६ रुपये मिळतील. पटावरची संख्या धरून तुम्ही रोज २८ पानांचा स्वयंपाक केलात, तर खर्च २२४ रुपयांच्या घरात जाईल आणि दिवसाला ४८ रुपयांचे अन्न उरेल. महिन्याचे २५ दिवस धरले तर हा तोटा १,२०० रुपयांचा होतो. आमच्या पहिल्या महिन्याचे गणित नेमके येथेच चुकले होते. आम्ही पट पाहून तांदूळ टाकत होतो. मुलांची डोकी मोजून नव्हे.

यावर उपाय साधा आहे. नाश्ता सरासरी हजेरीच्या अंदाजाने करावा, आणि जेवणाचे धान्य मात्र नाश्त्याची पंगत बसल्यावर, प्रत्यक्ष मुले मोजून मगच काढावे. उशिरा येणाऱ्या एक-दोन मुलांसाठी थोडी वाढ धरावी. यामुळे स्वयंपाकाला अर्धा तास उशीर होतो, पण महिन्याचा तोटा टळतो.

४. वजनकाटा विकत घ्या आणि तो वापरा

दहा किलोपर्यंतचे वजन दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा, झाकणाचे स्टीलचे डबे, दोन कुकर, एक मोठे पातेले, झाकणाची बादली आणि वाढायला एकाच मापाचे दोन डाव, एवढे सामान सुरुवातीला पुरते. भांडी घरची आणता येतात. काटा मात्र नवाच घ्यावा.

अन्न सुरक्षा अधिनियमाच्या २०१३ मधील अनुसूचीत तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी नाश्ता व जेवण मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण दिले होते. आम्ही त्यानुसार एक दिवसाचा आहार बसवला होता, तो नमुन्यादाखल देते. नाश्त्याला २० ग्रॅम शेंगदाणे आणि १५ ग्रॅम गूळ यांचा लाडू. जेवणाला ६० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ आणि ५ ग्रॅम तेल घालून केलेली खिचडी. लाडवातून सुमारे १७० आणि खिचडीतून सुमारे ३२५ उष्मांक मिळतात, आणि दोन्ही मिळून प्रथिने साडेचौदा ग्रॅमच्या आसपास भरतात. २२ मुलांसाठी याचा अर्थ १ किलो ३२० ग्रॅम तांदूळ, ४४० ग्रॅम डाळ आणि ११० ग्रॅम तेल. खिचडीत घातलेली भाजी ही यावर अधिकची समजावी. ही अनुसूची २०२३ मध्ये सुधारली गेली असून तिच्यात सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि आहारातील विविधता यांवर भर दिला आहे. त्यामुळे रोज खिचडीच लावता येणार नाही, आणि चालू पाककृतींचा तक्ता प्रकल्प कार्यालयातून मागून घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा लागेल.

पैसे वाचवण्याचा मोह सर्वांत आधी डाळीवर आणि शेंगदाण्यावर येतो, कारण महाग तेच असतात. शेंगदाणे १३० रुपये किलो असतील तर एका लाडवातील शेंगदाण्यालाच २ रुपये ६० पैसे लागतात. डाळ निम्मी करून पाणी वाढवले तर पोट तेवढेच भरल्यासारखे दिसते, मूल तक्रार करत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मुलाच्या वाट्याची प्रथिने तेथेच जातात. दर परवडत नसेल तर खरेदी एकत्र करा, हंगामात शेंगदाणे व डाळ घेऊन ठेवा, परसातील शेवग्याचा पाला खिचडीत घाला. डाळीला हात लावू नका.

५. धान्य उतरवून घेताना आणि साठवताना

पोते उतरले की चालकाची घाई सुरू होते. त्याच्या घाईकडे लक्ष न देता प्रत्येक पोते तोलून घ्यावे आणि पावतीवर छापील वजन न लिहिता प्रत्यक्ष भरलेले वजन लिहूनच सही करावी. भिजलेले, जाळी धरलेले किंवा कुबट वासाचे धान्य तेथेच परत करावे. एकदा घरात घेतलेले धान्य परत जात नाही.

तांदळाविषयी एक गैरसमज आधीच दूर करून ठेवावा लागतो. सरकारी तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ घातलेले दाणे साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळलेले असू शकतात. ते रंगाने किंचित वेगळे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात, आणि मग गावभर ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी हाकाटी होते. आमच्याच गटातील एक ताई पहिले काही दिवस ते दाणे निवडून कोंबड्यांना टाकत होत्या, आणि त्या हे काम फार निगुतीने करत होत्या! ते दाणे निवडू नयेत, तांदूळ चोळून चोळून धुऊ नये आणि भाताची पेज ओतून टाकू नये. माता-पालकांच्या बैठकीत ते दाणे ताटलीत ठेवून दाखवले की शंका पुष्कळ कमी होतात.

साठवणीची जागा कोरडी असावी आणि डबे फळीवर, भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत. धान्याला ऊन द्यावे, कडुनिंबाचा पाला घालावा. शेतकरी कोठीत टाकतात त्या विषारी गोळ्या मात्र अंगणवाडीच्या धान्यात कदापि टाकू नयेत. शेतीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला तरी तेलासाठी, पाण्यासाठी किंवा पिठासाठी वापरू नये. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील मध्यान्ह भोजनामुळे २३ मुले दगावली, आणि तपासात अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. कापसावर फवारायला हेच औषध आपल्याकडे अनेक घरांत येत असे, म्हणून हा मुद्दा गटाच्या पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

६. स्वयंपाक, चव आणि उरलेले अन्न

ज्या सदस्येला जुलाब, उलटी किंवा ताप असेल, अथवा हाताला पिकलेली जखम असेल, तिने त्या दिवशी स्वयंपाकाला येऊ नये. तिचा दिवसाचा मोबदला कापला जाणार नाही असा ठराव आधीच करून ठेवा, नाहीतर ती आजारपण लपवून येईल. पाणी कोठून येते याची खात्री करा आणि ग्रामपंचायतीकडून त्या स्रोताची तपासणी होते का, ते विचारा.

अन्न शिजल्यावर मुलांना देण्यापूर्वी एका मोठ्या माणसाने ते चाखून चव नोंदवहीत सही करावी. हे काम एखाद्या मुलाच्या आईवर सोपवले तर उत्तम, कारण तिची जीभही निर्भीड असते आणि तिची सही वजनदारही ठरते. प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ डब्यात झाकून, तारीख लिहून २४ तास बाजूला ठेवावी. कोणी आजारी पडलेच, तर तपासायला नमुना असतो.

शिजवल्यापासून दोन तासांच्या आत वाढावे. भाताच्या बाबतीत हे विशेष पाळावे, कारण भातातील एका प्रकारच्या जिवाणूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की त्यांच्यापासून तयार होणारे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात संध्याकाळी कोणाच्या मुलाला बांधून देऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी फोडणीला तर मुळीच घालू नये.

लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा शेवग्याच्या शेंगांचे तुकडे देऊ नयेत, ते घशात अडकतात. कूट करावा, उसळ मऊ शिजवावी, तिखट आपल्या घरच्या निम्म्यावर आणावे.

७. पंगतीवर लक्ष ठेवा

सर्व मुलांना एकाच पंगतीत, एकाच भांड्यातून वाढावे. कोणाचे ताट वेगळे नाही, कोणाची जागा वेगळी नाही. याबाबत गावातील कोणाशीही तडजोड करू नये. पहिल्या वाढपात माप ठरलेले असावे, दुसऱ्यांदा मागणाऱ्याला नाही म्हणू नये.

वजन-उंची घेणे आणि दंडघेर मोजणे सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित समजले जाते. परंतु रोज वाढणाऱ्या बाईला टेपच्या आधी काही दिसते: कालपर्यंत खाणारे मूल आज ताटाशी नुसते बसले आहे. अशा मुलाला बळेच भरवू नका आणि ‘हट्टी आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका. त्याच दिवशी सेविकेला सांगा, कारण कुपोषित मुलाची भूक मेली असेल तर त्याला आरोग्य केंद्रात दाखवण्याची निकड असते.

मुलाचे आधार कार्ड नाही म्हणून त्याचे जेवण नाकारता येत नाही. नोंदणी आईच्या आधारवरही होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. त्यांची नावे तशीच ठेवून हजेरी चालू दाखवण्यापेक्षा ती कोठे गेली हे सेविकेला कळवावे, म्हणजे पोषण ट्रॅकरवरून त्यांचे स्थलांतर दाखवता येते आणि त्या गावच्या अंगणवाडीत त्यांना आहार मिळू शकतो.

८. वही त्याच दिवशी लिहा

आम्ही चार वह्या ठेवत होतो: साठा, रोजचा वापर, चव आणि खर्च. रोजच्या वापराच्या वहीत तारीख, उपस्थित मुले, पदार्थ, काढलेले धान्य ग्रॅममध्ये आणि सेविकेची सही एवढेच असावे. सर्वांत मोठा सापळा म्हणजे महिन्याअखेरीस बसून तीस ओळी एकाच पेनने भरणे. एका वर्षी आमच्या नव्या सचिवांनी तसे केले, आणि गावच्या जत्रेच्या दिवशी, जेव्हा अंगणवाडी बंद होती, २४ मुले खिचडी खाऊन गेल्याची नोंद झाली. ते बिल परत आले, आणि ते परत येणे रास्तच होते.

फुगवलेल्या हजेरीचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नाही म्हणावे. हजेरी वाढली की त्या प्रमाणात धान्याचा वापरही वाढलेला दाखवावा लागतो, आणि अचानक तपासणीत कोठीतले पोते मोजले की सगळे उघडे पडते. तेव्हा प्रश्न विचारला जातो तो गटाला.

दर शनिवारी आपली वही आणि पोषण ट्रॅकरवरील आकडे सेविकेसोबत बसून ताडून पाहा. नेटवर्क नसल्यामुळे किंवा अ‍ॅप अडल्यामुळे एखाद्या दिवसाची नोंद राहून गेलेली असते. ती त्याच आठवड्यात उघडकीस आली तर काही करता येते, महिना उलटल्यावर फक्त अर्ज करत बसावे लागते.

९. बिल आणि अडकलेले पैसे

बिलात मुलांची एकूण उपस्थिती गुणिले दर एवढेच असते. त्यावर सेविकेची आणि मुख्यसेविकेची सही झाल्यावर ते प्रकल्प कार्यालयात जाते. महिना संपल्यावर पाच दिवसांच्या आत बिल द्यावे, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पोच नसेल तर बिल दिलेच नाही असे समजावे.

पैसे वेळेवर येतीलच असे धरून चालू नये. एका वर्षी आमची चार महिन्यांची बिले एकदम अडकली. वरच्या उदाहरणातील एका अंगणवाडीचे महिन्याला ४,४०० रुपये धरले, तर चार महिन्यांचे १७,६०० रुपये होतात, आणि आमच्याकडे दोन अंगणवाड्या होत्या. किराणा दुकानदार ओळखीचा म्हणून निभावले, पण उधारीवर घेतलेली डाळ रोखीपेक्षा महाग पडते, हे दुकानदार तोंडाने सांगत नाही. त्यामुळे काम सुरू करतानाच किमान तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम गटाच्या अंतर्गत कर्जातून वेगळी काढावी. थकबाकी दोन महिन्यांच्या पुढे गेली की तोंडी विचारपूस थांबवून लेखी अर्ज द्यावा, आणि त्यात महिनावार रक्कम व पोचेची तारीख लिहावी.

१०. मे महिना आणि पाहुणी मुले

अंगणवाडीचा आहार वर्षातून ३०० दिवस द्यायचा असतो, म्हणून शाळांसारखी सलग उन्हाळी सुट्टी येथे गृहीत धरू नये. सेविका आणि मदतनीस आळीपाळीने सुट्टीवर असतील तेव्हा सही कोण करणार, ते एप्रिलमध्येच विचारून ठेवावे. याच महिन्यात पटावरची काही मुले मामाच्या गावाला जातात आणि कोणाकोणाची भाचरे आपल्या गावात येतात. आपल्या नातवंडांबरोबर पाहुण्या मुलांनाही आजी अंगणवाडीत आणून बसवते, आणि पंगतीत बसलेल्या मुलाला कोणी उठवू शकत नाही. अशा मुलांची नावे आम्ही वहीच्या मागच्या पानावर वेगळी लिहीत असू. मूल महिनाभर राहणार असेल तर सेविकेला सांगून त्याची तात्पुरती नोंद होते का ते पाहत असू, आणि चार दिवसांचेच पाहुणे असेल तर त्याचे ६० ग्रॅम तांदूळ गटाच्या खर्चात धरत असू. बिलात ती नावे कधीही घालू नयेत.